पाच निबंध, दोन बाया

माझ्या नावावर आयुष्यात पाच शोधनिबंध आहेत. नावावर म्हणते खरी, पण सगळं भांडण तिथेच आहे. त्यांतले तीन एका बाईच्या नावावर आहेत, दोन दुसऱ्या बाईच्या, आणि त्या दोन्ही बाया मीच आहे. हे मला स्टॅम्पपेपरवर सिद्ध करावं लागलं. सिद्ध झाल्यावर जे घडलं ते पाहता सिद्ध झालं नसतं तर बरं, असंही मला पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं. दोन्ही नावं इथे लिहीत नाही. त्यांनी आधीच पुरेसा घोळ घातला आहे.

मी अकोल्याची. वडील शाळेत मास्तर होते, घरात पुस्तकं होती आणि मुलीने शिकू नये असं म्हणणारं कोणी नव्हतं. एम.एस्सी. झाले आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अकोल्याच्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. विषय निवडला वाणीचा मेंदू. वाणी म्हणजे तो तांबूस-काळा, असंख्य पायांचा किडा, हात लावला की चकलीसारखा गुंडाळून पडणारा. पेरणी झाली की तो कोंब खातो, म्हणून वऱ्हाडातला शेतकरी त्याला शिव्या घालतो. त्याचा मेंदू मोहरीच्या दाण्याहून लहान. लोक विचारत, एवढा विषय कशाला निवडला? मी सांगत असे की हा प्राणी फुकट मिळतो, पळून जात नाही आणि चावत नाही. कॉलेजच्या मागच्या अंगणातला दगड उलटला की माझी सामग्री तयार.

तेव्हा या शास्त्रात एक नवी गोष्ट गाजत होती. मज्जापेशी म्हणजे तारखात्याच्या तारा, निरोप इकडून तिकडे नेणार, एवढंच आम्हाला शिकवलेलं. पण काही मज्जापेशी निरोप नेतात आणि वर ग्रंथीसारखा रसही तयार करतात, असं जगात ठिकठिकाणी दिसू लागलं होतं. तशा पेशी मला वाणीच्या मेंदूत सापडल्या. उन्हाळाभर वाणी जमिनीत वेटोळं करून पडून असतो, तेव्हा त्या रसाने गच्च भरलेल्या असतात. जमिनीत ओल पोचली की दोन दिवसांत रिकाम्या होतात. कुंडीत माती भरून, भर मे महिन्यात पाणी घालून पाहिलं, तरी तेच. पाऊस, ढग, गारवा यांचा संबंध नाही, संबंध ओलीचा. माझा शोध म्हणायचा तो एवढाच. फार मोठा नव्हे, पण माझ्याआधी कोणी पाहिला नव्हता.

एवढंसं पाहायला काय कष्ट पडले ते निबंधात लिहीत नाहीत. मेंदू मेणात बसवून त्याचे पातळ काप घ्यायचे असतात. थंड देशातल्या पुस्तकात लिहिलेलं असतं की कापांची सलग फीत निघते. अकोल्याच्या मे महिन्यात फीत कसली, मेणाचा शिराच व्हायचा. मी पहाटे पाचला कॉलेजात जायची, मेणाचे ठोकळे रात्रभर माठाच्या पाण्यात ठेवलेले असायचे, आणि सात वाजेपर्यंत जेवढे काप निघतील तेवढे माझे. सात वाजता ऊन खिडकीतून आत आलं की कारखाना बंद. वॉचमन म्हणायचा, "बाई, पोरी पहाटे नळावर जातात, तुमी किड्यायपाशी."

आमच्या विभागप्रमुखांनी मला लिहायला शिकवलं. भले गृहस्थ, पण एका बाबतीत कर्मठ. शास्त्रीय निबंधात ‘मी’ हा शब्द चालत नाही. मी पाहिलं, मला वाटलं, असं काही नाही. ‘मी’ प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपलांजवळ ठेवून यायचा, असं ते म्हणत. स्वतःच्या जुन्या निबंधाचा दाखला द्यायचा झाला तरी परक्याचा द्यावा तसा, आडनाव आणि साल. मला ते तेव्हा फार थोर वाटलं होतं. मी ती शिस्त अशी अंगी बाणवली की आजही पत्र लिहिताना ‘मी’ लिहायला हात अडतो.

तीन निबंध छापून आले. नंतर आली कार्डं. परदेशातल्या माणसाला तुमचा निबंध हवा असला की तो छापील कार्ड पाठवत असे, आपल्या अमुक निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी. वर त्याच्या देशाचं तिकीट. माझ्या कामाला जगात किंमत आहे की नाही, हे मोजायचं तेव्हा माझ्याजवळ तेवढंच माप होतं. कार्ड आलं की मी ते वडिलांना दाखवायची. ते चष्मा लावून सगळं वाचायचे, पत्त्यातलं माझं नाव दोनदा वाचायचे, आणि म्हणायचे, अकोल्याचं स्पेलिंग बरोबर लिहिलंय हो त्याने.

लग्न झालं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. म्हणजे लोकांच्या हिशेबी वेळ टळून गेली होती. मुलगा अमरावतीला वकील, घरची शेती वलगावला. त्यांना शिकलेली बायको हवी होती, नोकरी करणारी चालत होती. एवढं जुळल्यावर मी काय मागणार? लग्नात तबकात तांदूळ पसरून त्यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. आडनाव बदलणार आणि मधलं वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येणार, हे ठाऊक होतं. पण पहिलं नावही गेलं. माझं आणि सासूबाईंचं नाव एकच निघालं होतं. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील, असं त्यांच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी बोलणीतच काढलं होतं. मला विचारलं होतं बरं का. कोणी जबरदस्ती केली असं म्हटलं तर पाप लागेल. मी म्हटलं, ठेवा काय ठेवायचं ते. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की अमरावतीच्या कॉलेजात मायक्रोटोम, म्हणजे ते पातळ काप घेण्याचं यंत्र, आहे की नाही.

होता. म्हणजे कपाटात कुलपात होता, आणि किल्ली मिळवायला तीन महिने लागले. पण नोकरी लागली. माझं काम पुन्हा उभं राहिलं. वाणी आता वलगावच्या आमच्याच शेतातून येऊ लागले. सासूबाई तिकडच्याच, शेतकरी घरातल्या, बोलायला फटकळ. बरणीत वेटोळी घालून पडलेले वाणी स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ पाहिले तेव्हा म्हणाल्या, "हे घरात काहून आणून राहिली वो?"

"त्यांचा मेंदू पाहायचा आहे."

"वाणीले मेंदू रायते?"

"असतो. बारीक."

"मंग पेरलेलं काहून खाते?"

याचं उत्तर शास्त्रात नव्हतं. पण दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःच गड्याला सांगून डबाभर वाणी आणवले. बरणी मात्र ओट्यावरून हलवून न्हाणीघराच्या कट्ट्यावर नेली.

दोन वर्षांत दोन निबंध झाले. अकोल्याच्या वाणीत जे दिसलं तेच वलगावच्या वाणीत दिसलं. शिवाय या वेळी रंगवण्याची रीत जास्त चांगली होती, म्हणून पेशी भरतात कशा आणि रिकाम्या होतात कशा ते पायरीपायरीने दाखवता आलं. निबंधावर नाव कोणतं घालायचं हा प्रश्नच मला पडला नाही. कॉलेजच्या मस्टरवर नवं नाव, पगारपत्रकावर नवं, प्राचार्यांच्या सहीने निबंध जाणार, तर तिथेही नवंच. आणि जुन्या तीन निबंधांचे दाखले दिले ते प्रमुखांनी शिकवलेल्या रीतीने. यापूर्वी अमुक यांनी अकोल्यास केलेल्या निरीक्षणांशी प्रस्तुत निरीक्षणं जुळतात. ‘मी’ चपलांजवळ.

हे लिहिताना मला आता स्वतःचे कान उपटावेसे वाटतात. एका ओळीत सांगता आलं असतं की त्या अमुक म्हणजे याच. एक तळटीप. पण तशी तळटीप घालणं म्हणजे आपली मिरवणूक काढणं, असं मला वाटलं. आणि लग्न झालेल्या बाईने माहेरचं नाव मिरवायचं, म्हणजे तर विचारायलाच नको.

कार्डं मात्र यायची कमी झाली. नव्या निबंधांची चार आली. जुन्या तिन्हींची एकही येईना. मला वाटलं, काम जुनं झालं, जग पुढे गेलं. वाईट वाटलं, पण मनाची समजूत घातली.

मग एक दिवस हॉलंडहून जाडं पाकीट आलं. तिथल्या एका विद्यापीठातले प्राध्यापक, या विषयातलं मोठं नाव. कीटकांपासून वाणीपर्यंत सगळ्या बिनकण्याच्या प्राण्यांतल्या अशा पेशींवर जगात जेवढं काम झालं होतं, त्या सगळ्याचा आढावा त्यांनी लिहिला होता आणि त्याची छापील प्रत मला पाठवली होती. मी उभ्या उभ्या पानं उलटली. एका पानावर माझा शोध होता. पूर्ण परिच्छेद. खाली लिहिलं होतं की अकोल्याच्या कुमारी अमुक यांच्या या लक्षणीय निरीक्षणाला अमरावतीच्या सौभाग्यवती तमुक यांनी वेगळ्या ठिकाणच्या प्राण्यांवर, अधिक चांगल्या पद्धतीने, स्वतंत्रपणे दुजोरा दिला आहे, आणि त्यामुळे ते आता निश्चित मानायला हरकत नाही.

स्वतंत्रपणे. हा शब्द मी चारपाच वेळा वाचला.

सोबत प्राध्यापकांनी हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, तिच्यातला मजकूर असा. अशीच एक प्रत मी अकोल्याच्या त्या बाईंनाही पाठवली होती, ती परत आली. याआधी पाठवलेलं पत्रही परत आलं होतं. दोन्ही पाकिटांवर एकच शब्द लिहिलेला होता, ‘मॅरीड’. भारतात लग्न झालं की टपाल पोचत नाही हे मला माहीत नव्हतं. आपल्याला त्यांचा पत्ता माहीत असल्यास कृपया माझा नमस्कार कळवावा.

पुढच्या सुटीत अकोल्याला गेले ती तडक कॉलेजच्या ऑफिसात. हेडक्लार्क तेच होते, खुर्चीही तीच. त्यांनी मुळीच नाकबूल केलं नाही.

"लिवलं म्या. तुमचं लगन झालं का नाई?"

"झालं."

"मंग खोटं काय लिवलं?"

"माझा पत्ता होता ना तुमच्याजवळ? पुढे पाठवायचं."

"पत्ता होता बाई. पन नाव कोनतं टाकू? जुनं टाकलं तं तिकडं कोनी घेनार नाई. नवं मले मालूम नाई. सरकारी काम आहे, अंदाजे नाव कसं टाकता येते?"

माणूस कायद्याने बरोबर होता. किती कार्डं परत पाठवली असतील, विचारलं. ते म्हणाले, मोजून नाही ठेवली, पण येत होती बराच काळ. चहा मागवू का?

घरी येऊन नवऱ्याला आढाव्यातलं ते पान दाखवलं. ते आधी पोट धरधरून हसले. मग वकिली स्वरात म्हणाले, "साक्षीदार एक, साक्षी दोन. कोर्टात चालत नाही हे. लगेच लिहून टाक त्यांना." मी हो म्हटलं, आणि लिहिलं नाही.

हे मला कबूल केलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. उद्या लिहू म्हणत आठवडा गेला, महिना गेला. खरं सांगायचं तर मला ते गोड वाटत होतं. ‘निश्चित मानायला हरकत नाही’ असं माझ्या कामाबद्दल जगात छापून आलं होतं. आढाव्यामुळे आणखी लोक दाखले देऊ लागले. एका जपानी माणसाने दिला, एका रशियनाने दिला, आणि प्रत्येकाने दोन्ही बायांची नावं शेजारी शेजारी लिहिली. मी जर लिहिलं असतं की या दोघी एकच, तर शोध पुन्हा एकटा पडला असता. दुजोरा द्यायला दुसरं होतं तरी कोण? वाणीच्या मेंदूत डोकं घालायला अख्ख्या देशात कोणी तयार नव्हतं. शोध तर खरा होता. मी तो दोनदा पाहिला होता, दोन गावांत. दोन डोळ्यांनी पाहिलं काय आणि चार डोळ्यांनी पाहिलं काय, असं मी स्वतःला सांगायची. चोराला पटेल असंच ते कारण होतं. अशी दोन वर्षं गेली.

मग आमच्या कॉलेजात प्रपाठकाची जागा निघाली. त्या जागेवर पुढे संशोधनाचे विद्यार्थी घेता येणार होते, मायक्रोटोमची किल्ली आपल्या हातात राहणार होती. कपाटाच्या किल्लीसाठी मी सहा वर्षं शिपायाच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. मला ती जागा हवी होती, आणि हवी होती हे मी लपवणार नाही. अट होती निदान पाच प्रसिद्ध निबंध. मी पाच लिहिले. चार दिवसांत अर्ज परत आला, वर लाल शाईने, ‘सादर केलेल्या पाच निबंधांपैकी तीन अन्य व्यक्तीचे’.

अन्य व्यक्ती.

मी तो कागद नवऱ्यासमोर आपटला. त्यांनी दुसऱ्या दिवशी कचेरीतून स्टॅम्पपेपर आणला आणि प्रतिज्ञापत्र केलं. अमुक नावाची अविवाहित स्त्री आणि तमुक नावाची विवाहित स्त्री या दोन भिन्न व्यक्ती नसून एकच व्यक्ती आहे. मी सही करत असताना त्यांनी विचारलं, "हॉलंडला लिहिलं होतंस ना?" मी म्हटलं, लिहीन. त्यांनी शाई टिपली आणि कागद माझ्या हातात दिला.

मुलाखतीला बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. वृद्ध, मोठे अभ्यासू, या शास्त्रातलं त्यांना खरोखर कळत होतं, आणि हे माझं नशीब की दुर्दैव ते मला अजून ठरवता आलेलं नाही. समोर तो हॉलंडचा आढावाच होता, खुणेची चिठ्ठी घालून. सगळं बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते.

म्हणाले, "तुमचं काम नीट आहे. पण मूळ कल्पना अकोल्याच्या त्या मुलीची. तिच्याजवळ नजर होती. काय झालं तिचं पुढे?"

प्राचार्य घाईने म्हणाले की त्या याच, प्रतिज्ञापत्र जोडलेलं आहे. तज्ज्ञांनी ते वाचलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला की क्षणभर मला वाटलं, जागा मिळाली. ते म्हणाले, "तुम्हीच का त्या? मी तुमचा पहिला निबंध विद्यार्थ्यांना वाचायला लावतो." उभं राहून त्यांनी मला नमस्कार केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाला असा नमस्कार कोणी केला नव्हता.

खाली बसले आणि आढाव्याचं पान पुन्हा पाहू लागले. बोट त्या ओळीवर थांबलं.

"म्हणजे तुम्हीच तुम्हाला दुजोरा दिलात."

मी म्हटलं, "मी तसं कुठेही लिहिलेलं नाही. लेखकाने तसा अर्थ काढला."

"हे तुमच्या वाचनात केव्हा आलं?"

"दोन वर्षांपूर्वी."

"त्यांना कळवलंत?"

मला काय काय सांगता आलं असतं. पत्र गहाळ झालं, पत्ता सापडला नाही, घरात आजारपण होतं. मी म्हटलं, "नाही."

ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कळवायला हवं होतं, बाई. शोध तुमचा आहे, पण दुजोरा तुमचा नसतो. तो दुसऱ्याने द्यायचा असतो."

जागा माझ्याहून सात वर्षांनी लहान असलेल्या एका सहकाऱ्याला मिळाली. त्यांचे पाच निबंध होते, सगळे पोपटाच्या जंतांवर, सगळे एकाच नावाचे. माणूस सज्जन. पेढे घेऊन पहिल्यांदा माझ्याकडे आले, आणि कपाटाची किल्ली कधीही मागा म्हणाले. म्हणजे मागायचीच.

त्या आठवड्यात मी हॉलंडला पत्र लिहिलं. प्राध्यापकांचं उत्तर आलं, अगदी सभ्य. इथे बायकांची नावं लग्नात इतकी बदलतात याची कल्पना नसल्याबद्दल त्यांनीच माफी मागितली. आणि आढावा ज्या नियतकालिकात आला होता त्याच्या पुढच्या अंकात चार ओळींची दुरुस्ती छापली. अमुक आणि तमुक या एकच व्यक्ती असल्याचं कळतं, सबब सदर निरीक्षणाची स्वतंत्र पुष्टी अद्याप व्हायची आहे. जपान्याने पुढच्या निबंधात माझा दाखला गाळला. रशियनाने ठेवला, पण ‘म्हणतात’ असं जोडून. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. गप्प बसले असते तर निदान त्या दोघी तरी मानाने जगल्या असत्या. वेळीच बोलले असते तर मी जगले असते. मी दोन्हींच्या मधला मुहूर्त बरोबर साधला.

दुरुस्तीचा तो अंक आला त्या दुपारी सासूबाई ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी अंक खाटेवर फेकला. त्यांनी विचारलं, "काय झालं वो?" आणि माझा तोल सुटला. सात वर्षांत त्यांना उलटून बोलले नव्हते, ते त्या दिवशी बोलले. म्हटलं, "तुमच्या नावापायी गेलं माझं सगळं."

"माया नावापायी?"

"मग काय तर. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत म्हणून माझं बदललं ना? पहिलं नाव राहिलं असतं तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. आडनाव बदललं तरी माणूस तेच, असं कोणी तरी म्हटलं असतं."

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. ज्वारीतला खडा वेचून बाजूला टाकला. मला वाटलं आता या चिडणार, आणि चिडाव्यात असं मला वाटतही होतं. भांडायला कोणी तरी हवं होतं.

"मी नाई म्हटलं होतं बदला म्हनून," त्या म्हणाल्या. "मोठ्या लोकायनं म्हटलं. आन् मले विचारलं असतं तं मी म्हटलं असतं, राहू द्या पोरीचं. मले त्या नावानं हाक मारते तरी कोन? माई सासू मारे. ते गेली, तवापासून कोनी नाई. सारे आई म्हनतात, काकू म्हनतात, वकिलाची माय म्हनतात. रिकामंच पडून होतं नाव."

मी खाटेच्या कडेला बसले.

"आन् ते मायं होतं तरी कुठं," त्या म्हणाल्या. "ते लग्नात ठेवलं यायनं. मी नऊ वर्साची होती. दोन-तीन महिने कोनी हाक मारली तं मी पायतच नव्हती. यायले वाटे, पोरगी बयरी आहे."

"मग तुमचं माहेरचं नाव काय?"

त्यांनी पहिल्यांदा हात थांबवला. सांगताना हसल्या, जरा लाजल्यासारख्या, आणि हळू आवाजात सांगितलं. दोन अक्षरी, साधं नाव होतं. त्या घरात राहून सात वर्षं झाली होती, आणि मी ते पहिल्यांदा ऐकत होते.

संध्याकाळी नवरा कोर्टातून आल्यावर चहा देताना मी त्यांना विचारलं, तुमच्या आईंचं माहेरचं नाव काय? त्यांनी कपाळाला आठ्या घालून बराच विचार केला. त्यांना माहीत नव्हतं.